जागेवर बसवलेला लॅपटॉप

जगातली प्रत्येक वस्तू जमिनीला, भिंतीला किंवा टेबलाला बोल्टनं पक्की करता येते, आणि करता येते म्हणून ती केलीच पाहिजे, अशी ठाम श्रद्धा असलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. कुणाची देवावर श्रद्धा असते, कुणाची डॉक्टरवर, कुणाची बँकेतल्या ठेवीवर. ह्यांची बोल्टवर होती, आणि बोल्टखाली वॉशर असला तर ती आणखी दृढ व्हायची. बंगळूरच्या पीण्या भागातल्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं लहानसं वर्कशॉप होतं. तिथे ते इतर कारखान्यांसाठी फिक्श्चर बनवत. फिक्श्चर म्हणजे काम चालू असताना वस्तू तसूभरही हलू नये म्हणून तिला घट्ट धरून ठेवणारा लोखंडी साचा. सगळी हयात हलणाऱ्या वस्तूंना धरून ठेवण्यात गेली की हलण्याविषयीच माणसाच्या मनात एक अढी बसत असावी. रस्त्यानं कुणी हातगाडी ढकलत चालला असला तरी ते त्याच्याकडे जरा नाराजीनं बघत.

आमचा सगळा राजाजीनगर भाग त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून मीही अण्णाच म्हणायचो. ते मला मास्तर म्हणायचे. मी कधीच मास्तर नव्हतो, एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात होतो, पण पुस्तकांच्या खोलीत दिवसभर बसून पगार घेणारा माणूस मास्तर नसेल तर कोण असेल, हा त्यांचा प्रश्न मला कधी खोडून काढता आला नाही. मी नागपूरहून नोकरीसाठी बंगळूरला आलो आणि कुमुदशी लग्न करून इथलाच झालो. तिचं घराणं इथलं जुनं, चिकपेटेत कापडाचं दुकान असलेलं. अण्णांची पत्नी म्हणजे कुमुदची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. दोन्ही घरं चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे अण्णांच्या श्रद्धेचा प्रसाद आम्हाला वेळोवेळी मिळत राहिला.

त्यांच्या घरात मिक्सर ओट्याला बोल्टनं बसवलेला होता. चपलांचं कपाट भिंतीला, देवघर भिंतीला, टीव्हीचा रिमोट बारीक साखळीनं टीपॉयला, आणि टीपॉय अर्थातच जमिनीला. जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्यासुद्धा पक्क्या होत्या. टेबल आणि खुर्ची यांच्यात किती अंतर असावं याचं त्यांचं एक माप होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या पोटावरून काढलं होतं. एकदा त्यांच्या पुतणीला बघायला मंडळी आली. मुलाचे वडील प्रशस्त देहाचे. ते आग्रहाखातर त्या खुर्चीत बसले, चिरोटी आणि उप्पीट खाऊन झालं, आणि उठायच्या वेळी उठता येईना. टेबल पुढे सरकेना, खुर्ची मागे सरकेना, आणि गृहस्थ दोन्हींच्या मध्ये. सगळे अवघडून उभे. अक्का आत गेली, पाना घेऊन आली, शांतपणे टेबलाखाली बसली आणि खुर्चीचे बोल्ट सोडवू लागली. अण्णांनी पाहुण्यांना धीर दिला, "घाबरू नका. खुर्ची चांगली आहे. तुमचंच माप स्वल्प जास्त आहे." ते लग्न जमलं. त्या गृहस्थांनी पुढे मला सांगितलं, की ज्या घरातल्या बाईला पाना चालवता येतो त्या घरातली मुलगी आपल्याकडे यावी, असं त्यांना खुर्चीत अडकल्या अडकल्याच वाटलं होतं.

सदऱ्याच्या खिशात माणसं पेन ठेवतात, अण्णा व्हर्निअर ठेवत. ते मोजायचं साधन त्यांच्या खिशातून कधी बाहेर येईल याचा नेम नव्हता. कोपऱ्यावरच्या हॉटेलात डोशाची जाडी मोजून मालकाला "कालच्यापेक्षा पातळ" असं सांगताना मी स्वतः त्यांना ऐकलं आहे. मालकही बंगळूरचाच, तो म्हणाला, "काल पाऊस होता अण्णा, पीठ फुगलं नव्हतं, म्हणून जाड होता. आजचा बरोबर आहे." अण्णांना हे उत्तर पटलं. कारण असेल तर त्यांची कशालाही हरकत नसे. मोबाईल फोन मात्र त्यांना कारण देऊनही पटला नाही. मुलानं घेऊन दिलेला फोन त्यांनी दिवाणखान्यातल्या भिंतीवर एक खोबण करून तिच्यात बसवला, आणि तो तिथून कधी हलला नाही. बाहेर असताना तुम्हाला गाठायचं कसं, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "फोन जागेवर असतो, मास्तर. मी जागेवर नसलो तर मी नाही. त्यात गाठायचं काय?"

पण त्यांची खरी खासियत म्हणजे पिवळ्या रंगाच्या आकृत्या. त्यांच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर एक मोठी काळी फळी होती. तिच्यावर पाने, हातोड्या, कानशी टांगलेल्या असत आणि प्रत्येक हत्याराच्या मागे त्याच्याच आकाराची पिवळी बाह्यरेषा रंगवलेली असे. हत्यार काढलं की त्याची रिकामी आकृती उरे. तिथला नियम असा, की रिकामी आकृती दिसली तर वस्तू कामावर गेली आहे असं समजायचं, आणि तिच्या जागी दुसरं काहीही टांगायचं नाही. हा नियम त्यांनी घरी आणला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर झाऱ्याची आकृती, चिमट्याची आकृती, दाराशी छत्र्यांच्या आकृत्या. अक्का म्हणायची, "माझं लग्न झालं तेव्हा मी भिंतीला टेकून उभी राहायला घाबरायचे. हे रंगाचा डबा घेऊन येतील म्हणून." फाटकाजवळ उन्हात एक मांजर रोज एकाच जागी झोपायचं. त्याच्या ह्या सवयीचं अण्णांना इतकं कौतुक वाटलं, की एका सकाळी ते झोपलेलं असतानाच त्यांनी त्याच्याभोवती पिवळी रेघ ओढली. त्या दिवसापासून मांजरानं ती जागा सोडली, आणि पुढे ते बरोबर रेघेच्या बाहेर झोपू लागलं. अण्णांनी मला ती शेपटीसकट सुबक आकृती दाखवली आणि म्हणाले, "माप चुकलेलं नाही. त्याची वृत्तीच बरोबर नाही."

कुमुद गेली तेव्हा सांत्वनाला खूप माणसं आली आणि जे बोलायचं ते बोलून गेली. दिवसपाणी आटोपल्यावर अण्णा हत्यारांची पेटी घेऊन आले आणि घरात जे जे हलत होतं ते ते घट्ट करत सुटले. खिडकीची कडी, कपाटाची बिजागरी, तिचं शिवणाचं मशीन. न्हाणीघरात त्यांनी धरायला एक दांडी बसवली आणि मला तिला लोंबकळून पाहायला लावलं. त्यानंतर रोज संध्याकाळी ते माझ्याकडे कॉफीला येऊ लागले. आम्ही समोरासमोर बसायचो, दोन पेले मध्ये, आणि बराच वेळ काही बोलायचो नाही. अशा वेळी काही न बोलता बसणारा माणूस मिळणं ही केवढी गोष्ट आहे, हे ज्यांनी तसे दिवस काढले आहेत त्यांना ठाऊक असेल.

त्या सुमारास मी एक काम हाती घेतलं होतं. कुमुदच्या घराण्यात बोलली जाते ती मराठी माझ्या मराठीहून वेगळी. तिच्यात कानडी शब्द दुधात साखर विरघळावी तसे विरघळले आहेत, आणि काही जुने मराठी शब्द असे आहेत जे नागपूर-पुण्याकडे मी कधी ऐकले नाहीत. हे शब्द जमवून, अर्थ लावून ठेवावेत असं मला पूर्वीपासून वाटे. कुमुद हसायची, "माझ्या बोलण्याचं पुस्तक काढणार का?" ती गेल्यावर जाणवलं, की ज्या तोंडातून ते शब्द यायचे ते तोंडच आता नाही, आणि उरलेली तोंडंही म्हातारी आहेत. हातानं लिहून लिहून बोटं दुखायला लागली, तेव्हा संगणक घ्यावा असं ठरवलं. आमची मुलगी मेघा पुण्याला संगणकाच्याच क्षेत्रात नोकरी करते. फोनवर तिला विचारलं तर तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "लॅपटॉप घ्या, बाबा. इकडे राहायला याल तेव्हा घेऊन येता येईल."

ती हे इतक्या सहज बोलली की त्यातली 'राहायला याल' ही अक्षरं मला फोन ठेवल्यावर ऐकू आली. कुमुद गेल्यापासून ती मला पुण्याला बोलावत होती. एकटा बाप आणि दूरचं गाव, तिला झोप लागत नसे, आणि तिचं काही चुकत नव्हतं. मीच हो किंवा नाही म्हणत नव्हतो. आता तो प्रश्न संगणकाचा वेष घेऊन दारात उभा राहिला. लॅपटॉप घेतला म्हणजे मी जाणार, डेस्कटॉप घेतला म्हणजे मी राहणार. हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं.

आणि अशा नाजूक प्रसंगी मी सल्ला विचारला तो अण्णांना.

"लॅपटॉप?" त्यांनी पेला खाली ठेवला. "मांडीवर घ्यायचं यंत्र?"

"टेबलावरही ठेवता येतं, अण्णा. पण उचलून कुठंही नेता येतं. मेघा म्हणते, पुण्याला—"

"तेच म्हणतो मी. नेता येतं." त्यांनी टेबलावर बोट ठेवलं. "ऐका मास्तर. यंत्राला जागा पाहिजे. जागा नाही ते यंत्र नव्हे, सामान."

दुसऱ्याच दिवशी ते मला मेट्रोनं चिकपेटेपर्यंत आणि तिथून चालत एस. पी. रोडला घेऊन गेले. त्या रस्त्यावर संगणकांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि फुटपाथवर वायरींची भेंडोळी भाजीसारखी मांडलेली असतात. अण्णांच्या ओळखीचा एक दुकानदार होता, चष्मा कपाळावर चढवलेला, सोशिक स्वभावाचा. त्यानं आमच्यापुढे एक चपटा, चकचकीत लॅपटॉप ठेवला. अण्णांनी त्याला एका बोटानं ढकललं. तो काचेच्या टेबलावरून सुळकन घसरला आणि दुकानदारानं झेल घेतल्यासारखा तो पकडला.

"सार, स्वल्प हळू. दाखवायला ठेवलेला आहे."

"एका बोटानं सरकतो," अण्णांनी मला निकाल सांगितला. मग तो उलटा करून खालची बाजू न्याहाळली. "बसवायला भोकं कुठं आहेत?"

"ह्याला बसवत नाहीत, सार."

"मग फॅन लावल्यावर?"

"उडत नाही, सार. कागद नाही तो."

"उघडतो कुठून? आत काय बिघडलं तर?"

"आमच्याकडे आणायचा. तुम्ही उघडायचा नाही."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, जणू माझ्यासाठी आणलेल्या स्थळाचा मोठाच दोष उघडकीला आला होता. तरी त्यांचा हुकमाचा प्रश्न अजून बाकी होता. बंगळूरला नवरात्रात आयुधपूजा जोरात होते. त्या दिवशी पीण्यातलं प्रत्येक यंत्र धुऊनपुसून, कुंकू लावून, झेंडूचा हार घालून पुजलं जातं. अण्णांच्या दृष्टीनं वर्षाचा सगळ्यात मोठा सण तोच. त्यांनी विचारलं, "आयुधपूजेला ह्याला हार कुठं घालायचा?"

हा प्रश्न ऐकून दुकानदार हसेल असं मला वाटलं होतं. तो गंभीर झाला. त्याच्या दुकानातही ती पूजा होत असे. "आम्ही झाकण लावतो आणि वर ठेवतो, सार," तो जरा ओशाळून म्हणाला.

"झाकलेल्या यंत्रावर हार," अण्णा म्हणाले. "म्हणजे नवरदेवाला झोपवून मुंडावळ्या बांधायच्या."

दुकानदारानं मुकाट्यानं लॅपटॉप आत नेला आणि डेस्कटॉप बाहेर आणला. अण्णांनी त्याच्या पेटीला बोट लावलं, ती हलली नाही. बाजूची पट्टी काढून आत डोकावले, तिथले स्क्रू बघून त्यांचा चेहरा उजळला. पडद्याच्या वरच्या कडेवरून त्यांनी हवेतच एक हार घालून बघितला. "सरी, बरोबर," ते म्हणाले, "हे यंत्र." आणि दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, विचार करून सांगतो. परतीच्या मेट्रोत अण्णा डब्यातल्या दांड्यांचे बोल्ट चाचपत उभे राहिले. त्या पेटीला हो म्हणणं म्हणजे मेघाला नाही म्हणणं होतं, आणि ते माझ्याच्यानं दुकानात उभ्या उभ्या झालं नाही, हे त्यांना कळलं असावं.

विचार करायचं काम मेघानं माझ्यावर ठेवलं नाही. पंधरवड्यानं ती आठवडाभराच्या रजेवर आली आणि पिशवीतून नवा लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. त्या संध्याकाळी अण्णा आणि अक्का दोघंही आले होते. अण्णांनी बंद लॅपटॉपकडे बघितलं, खिशातून व्हर्निअर काढलं आणि त्याची लांबी, रुंदी, जाडी मोजली. मला वाटलं, सवयीनं मोजत असतील. मग त्यांनी आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली. मान खाली घालून बसल्यानं मास्तरांची मान धरेल. बटणं बारीक आहेत. उघडून दुरुस्त करता येत नाही. मेघा प्रत्येक मुद्द्याला उत्तर देत होती, आधी हसून, मग जरा कमी हसून.

"आणि हे हलतं, पोरी," अण्णा शेवटी म्हणाले.

"हलायलाच हवंय ते, काका. म्हणूनच आणलंय." मेघा म्हणाली, "तुम्ही काय, बाबांनाही बोल्ट मारून इथे बसवणार आहात का?"

अक्कानं तिच्याकडे बघितलं. मी पेल्याकडे बघितलं. अण्णांनी व्हर्निअर मिटून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "एवढा बोल्ट माझ्याकडे नाही." आणि उरलेली कॉफी तशीच ठेवून उठले.

नंतर दोन संध्याकाळी ते आले नाहीत. मेघाला वाईट वाटत होतं, पण ती आपल्या म्हणण्यावरून हटली नव्हती. त्या बाबतीत ती तिच्या आईवर गेली आहे. मी लॅपटॉप उघडून शब्द टाइप करायला शिकत होतो. चष्मा नाकावर घसरायचा आणि मान खरंच धरत होती, पण ते मी तिला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारीच अण्णा आले. मागे अक्का, आणि दोघांच्या मध्ये जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी जड. त्यांनी ते टेबलावर ठेवून धोतर उलगडलं. ते एक फिक्श्चर होतं. इतकं देखणं लोखंडी काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. काळसर झळाळी आणलेली चौकट, कोपरे गोल घासलेले, खाली हवा खेळायला ओळीनं पाडलेली भोकं, बाजूला वायरींसाठी खाचा, आणि लॅपटॉपवर चरा पडू नये म्हणून आतून सगळीकडे चिकटवलेला हिरवा बनातीचा कपडा. चारी कोपऱ्यांवर बोटभर रुंदीचे ओठ आत वळवलेले, धरून ठेवायला.

"पोरी," ते मेघाला म्हणाले, "तू आणलंस ते राहू दे. मी त्याला जागा आणली आहे."

मेघानं काही म्हणायच्या आत त्यांनी टेबलाला गिरमीट लावलं होतं. लॅपटॉप त्या चौकटीत असा बसला, की जणू तिथेच जन्मला होता. केस जाईल एवढीही फट नाही. चार बोल्ट, चार वॉशर. शेवटचा बोल्ट आवळून अण्णांनी लॅपटॉपला बोटानं ढकललं, मग मुठीनं, मग त्यांनी आख्खं टेबल हलवलं. समाधानानं त्यांनी कपाळ पुसलं.

"चालू करा, मास्तर."

मी झाकण उचलायला गेलो. झाकण उचललं गेलं नाही. मी पुन्हा जोर लावला. अण्णांनी मला बाजूला केलं आणि स्वतः जोर लावला. मग ते वाकले आणि त्या चार ओठांकडे बघत राहिले. ज्या ओठांनी लॅपटॉप धरला होता, त्यांनी त्याचं झाकणही धरलं होतं. त्यांनी तो बंद असताना मोजला होता. सगळी हयात त्यांनी ज्या वस्तू धरल्या त्या लोखंडाच्या, एकाच आकाराच्या. मोजून झाल्यावर उघडणारी वस्तू त्यांच्या हाताखाली आलीच नव्हती.

मग अक्काच्या तोंडून एक बारीक आवाज आला, पदर तोंडावर असूनही आलेला. आणि मेघा हसायला लागली. ती खुर्चीवर बसली आणि इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. काका, अगदी झकास बसलाय, म्हणत ती पुन्हा पुन्हा हसत होती. तिची आई गेल्यापासून त्या घरात असं कुणी हसलं नव्हतं. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. आपली चूक झाली आहे ह्यापेक्षा ही पोरगी हसते आहे, हे त्यांना मोठं वाटलं असावं, कारण त्यांनीही मिशीतल्या मिशीत हसायला सुरुवात केली.

"कोपरे कापून आणतो," ते म्हणाले.

"थांबा काका," मेघा डोळे पुसत म्हणाली. "नका कापू. बंदच राहू दे. ह्याला बाहेरून मोठा पडदा जोडता येतो, वेगळा कीबोर्ड जोडता येतो. झाकण लावलेलं असतानाही चालतो."

"म्हणजे डेस्कटॉप?"

"म्हणजे डेस्कटॉप," ती म्हणाली.

संध्याकाळी अण्णा आणि मेघा मेट्रोनं एस. पी. रोडला जाऊन पडदा आणि कीबोर्ड घेऊन आले. एकच अडचण उरली. चालू करायचं बटण झाकणाच्या आत होतं. तेव्हा अण्णांनी पुढचे दोन ओठ कानशीनं घासून थोडे बारीक केले. आता झाकण दोन बोटं वर होतं, जास्त नाही. त्या फटीत बोट सरकवून बटण चाचपडावं लागतं. रोज सकाळी मी तेच करतो. झोपलेल्या मुलाच्या सदऱ्याखाली हात घालून ताप बघावा, तसं वाटतं.

मेघा परत निघायच्या दिवशी अण्णांनी बोल्टांची चावी माझ्या हातात दिली. काटकोनात वाकवलेली, षटकोनी टोकाची लहानशी सळई. ते मला म्हणाले, "सोडवा."

"आता? बसवलाय तो कशाला—"

"सोडवा, मास्तर."

मला ते जमेना. एक बोल्ट मी उलटाच आवळला. ते शेजारी उभं राहून सांगत राहिले, डावीकडे, दाबून, स्वल्प सोडा, आता पुन्हा. चारी बोल्ट निघाले, लॅपटॉप बाहेर आला. मग त्यांनी माझ्याकडूनच तो परत बसवून घेतला. मग पुन्हा सोडवायला लावला. मेघा दारात पिशवी घेऊन बघत होती.

"जे सोडवता येत नाही," ते माझ्याकडेच बघत म्हणाले, "ते पक्कं करणं नव्हे. ते कोंडणं." मग तिच्याकडे वळले. "पोरी, तुझ्या बापाला आता सोडवता येतं. मी शिकवलं आहे. त्यांना यायचं असेल तेव्हा ते येतील."

मेघानं वाकून त्यांना नमस्कार केला. जाताना तिनं मला पुण्याला येण्याबद्दल विचारलं नाही.

माझ्या मनात जे बरेच महिने इकडून तिकडे घसरत होतं, ते त्या चार बोल्टांबरोबर बसलं. मी इथेच राहायचं ठरवलं. उन्हाळ्यात महिनाभर मेघाकडे जायचो. निघायच्या आदल्या दिवशी अण्णा यायचे, मी बोल्ट सोडवायचो आणि ते मागे हात बांधून बघायचे, मदत करायचे नाहीत. परत आलो की पुन्हा मी बसवायचो. ते एका बोटानं ढकलून पाहायचे आणि म्हणायचे, "सरी." तेवढंच त्यांचं स्वागत असायचं. आयुधपूजेला ते झेंडूचा हार घेऊन यायचे आणि माझ्या पडद्याला घालायचे. कुंकू लावायचे ते मात्र फिक्श्चरला. कीबोर्डमध्ये अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या मी दिवाळीपर्यंत काढत बसायचो. माझ्या शब्दांच्या कामातही ते मुरत गेले. त्यांच्या आजीच्या तोंडचे शब्द त्यांना अचानक आठवायचे, आणि अर्थ विचारला की ते म्हणायचे, "सुम्ने म्हणायची ती, उगीच. प्रत्येकाला अर्थ पाहिजेच का?" आणि मग दुसऱ्या दिवशी येऊन नेमका अर्थ सांगायचे.

अर्थात माझं टेबलही त्यांच्या रंगाच्या डब्यातून सुटलं नाही. एका संध्याकाळी मी आत कॉफी करत असताना त्यांनी तिथे पिवळ्या आकृत्या काढल्या. कीबोर्डची, माझ्या चष्म्याची, आणि कडेला शेजारी शेजारी दोन वर्तुळं, दोन पेल्यांसाठी. भिंतीवर चावीची आकृती आणि खाली खिळा. मी बाहेर आलो तेव्हा ते ब्रश पुसत होते. मी पेले वर्तुळांत ठेवले. बरोबर बसले.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दुपारी जेवून त्यांच्या त्या न हलणाऱ्या खुर्चीत टेकले आणि पुन्हा उठले नाहीत. त्यांच्या मुलानं वर्कशॉप शहराबाहेर होसकोट्याला हलवलं, तिथे जागा मोठी आहे आणि मालाच्या गाड्या थेट आत येतात. पीण्याची जागा रिकामी झाली त्या दिवशी अक्काला घेऊन मी तिथे गेलो होतो. लेथ गेले होते, ड्रिलिंग मशीन गेलं होतं, हत्यारांची ती काळी फळीही गेली होती. जमिनीवर प्रत्येक यंत्राची पिवळी रेघ तेवढी होती, आणि रेघेच्या आत, तेलानं काळ्या पडलेल्या फरशीत, न मळलेला एक तुकडा. अक्का त्या रेघांवर पाय न देता, त्यांच्या मधून मधून चालत भिंतीपर्यंत गेली आणि तशीच परत आली.

मेघानं परवा फोन केला. "बाबा, काकाही नाहीत आता. तिथे तुमचं कोण आहे?"

"अक्का आहे," मी म्हटलं. "आणि शब्द निम्मेसुद्धा झालेले नाहीत."

"किती दिवस चालणार ते?"

"जितके दिवस लागतील तितके. उन्हाळ्यात येतो. येईन आणि परत जाईन."

ती म्हणाली, "बोल्ट सोडवता येतात ना अजून?" मी म्हटलं, येतात. ती हसली.

हे लिहायला मला वेळ लागतो आहे. मी सावकाश टाइप करतो, आणि मध्येच थांबतो. कामाला येणारी बाई टेबल पुसताना त्या दुसऱ्या वर्तुळात कधी औषधाची बाटली ठेवते, कधी डाक. मी ती उचलून दुसरीकडे ठेवतो. संध्याकाळी आता अक्का येते, कॉफी तीच करते. हल्ली शब्द तीच सांगते, आणि अर्थही. सगळी हयात ती ह्या पिवळ्या रेघांना हसत आली. काल ती पेले घेऊन बाहेर आली, माझा माझ्या वर्तुळात ठेवला, दुसरा हातात धरून क्षणभर उभी राहिली, आणि मग तो रेघेच्या जरासा बाहेर, टेबलाच्या कडेला ठेवून बसली.